पाणी पिणाऱ्या गाडीचं दावं

देवळाली प्रवऱ्याच्या कानिफतात्यांनी जन्मात एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना गळ्याला चिमूट लावत. तात्या बैलांचे व्यापारी. एका बाजारात घ्यायचे, दुसऱ्या बाजारात विकायचे. ह्या धंद्यात खोटं बोलायची गरजच पडत नाही. विचारलं नाही ते सांगायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलं की माणूस मरेपर्यंत सत्यवादी राहू शकतो. बैल मारका आहे का, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर तात्या सरळ 'हाय' म्हणत. नाही विचारलं तर बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्या शिंगांची तारीफ करत. शिंगं खरंच चांगली असत. काही दिवसांनी गिऱ्हाइकालाही ती जवळून बघायला मिळत.

तरी लोक त्यांच्याकडंच येत, कारण तात्या दोन कायदे पाळत. पहिला असा, की पुढच्या बाजारापर्यंत जनावरात खोड निघाली, म्हणजे ते औताला बसलं किंवा मारायला धावलं, तर खुशाल माघारी आणून बांधायचं आणि आपले पैसे घेऊन जायचं. त्यावर तात्या चकार शब्द काढत नसत. फक्त पुढं वर्षभर त्या गिऱ्हाइकाच्या चुलत्यांपासून मेव्हण्यांपर्यंत सगळ्यांच्या खोडी चारचौघांत सांगत बसत.

दुसरा कायदा दाव्याचा. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकायचं नाही. ते सोडून आपल्याकडं ठेवायचं, घेणाऱ्यानं स्वतःचं नवं आणायचं. दावं गेलं की त्याच्यामागं गोठ्याची बरकत जाते, असं म्हणतात. हा कायदा काही तात्यांनी काढला नव्हता, सगळा मुलूखच तो मानतो. पण मुलूख मानतो सवडीनं आणि तात्या मानत हट्टानं. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि खुंटीखुंटीला दावी लोंबत होती. कोणतं दावं कोणत्या बैलाचं, हे तात्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या नातवंडांची नावं घेताना मात्र ते अडखळत.

पुढं ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. ज्या गोठ्यात बरकत राहावी म्हणून एवढी दावी जपली, त्या गोठ्यात शेवटी बरकत म्हणायला एक शेळी उरली. तीही शेजाऱ्याची होती, सावलीला येऊन बसायची. "दावी लई झाली, आता जनावरं कुठं हायेत ती इचारा," असं तात्यांची बायको रंगुबाई अधूनमधून म्हणे. रंगुबाई फार बोलत नसे, पण जे बोले ते तात्यांना दोन दिवस पुरे.

मग तात्या जुन्या मोटारसायकली घेऊन विकायला लागले. त्यांना स्वतःला मोटारसायकल चालवता येत नव्हती. ह्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. बैल विकणाऱ्यानं कधी औत ओढलंय का, असं ते विचारत. परीक्षा जुनीच होती. दात बघायची सवय, म्हणून टायरच्या खाचा बघायच्या. टाकीवरून पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचा. इंजिन चालू करायला लावून डोळे मिटून धाप ऐकायची. मग 'चार वर्सं काढंल' असा निकाल द्यायचा. हा निकाल गाडी बघून कमी आणि गिऱ्हाईक बघून जास्त ठरायचा. दोन्ही कायदे मात्र जसेच्या तसे गाड्यांनाही लागू झाले. खोड निघाली तर माघारी, आणि दावं द्यायचं नाही. गाडीचं दावं म्हणजे किल्लीचा छल्ला. किल्ली गिऱ्हाइकाला, छल्ला खुंटीला. कुणाचा देवीचा फोटो, कुणाचं पितळी बूट, कुणाच्या पतसंस्थेची चकती, असे सगळे छल्ले बैलांच्या दाव्यांशेजारी निमूट लोंबत.

अशात सावेडीच्या यशया सरांची गाडी आली. यशया सर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वागायला इतके सरळ की व्यापाऱ्याला संकोच वाटावा. गाडी त्यांच्या मुलाची, इमॅन्युएलची. तो पुण्याला गेला आणि गाडी वडिलांच्या गळ्यात पडली. सर ती रविवारी प्रार्थनेला काढत, बाकी आठवडाभर ती कापडाखाली झोपलेली असे. ते स्वतः ती चालवत देवळालीला विकायला घेऊन आले.

ह्या गाडीला इंजिन गार ठेवायला पाणी लागायचं. तात्यांनी आजवर विकलेल्या गाड्या वाऱ्यावर गार होणाऱ्या, साध्या. सरांनी शाळेत शिकवावं तसं समजावून सांगितलं. हा पुढचा जाळीचा रेडिएटर, ही बाजूची बाटली, ह्यात हिरवं पाणी असतं, त्याला कूलंट म्हणतात, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. तात्यांनी मान हलवली. ती मान बैलांच्या बाजारात हलवून हलवून तयार झालेली होती, तिचा ऐकण्याशी काही संबंध नव्हता. "म्हंजी पानी पिनारी हाय म्हना की," ते म्हणाले. जाताना सरांनी किल्लीचा छल्ला काढून घेतला, कारण तो त्यांच्या आईनं दिलेला लाकडी क्रूस होता. दोन्ही किल्ल्या पांढऱ्या दोऱ्यात ओवून त्यांनी तात्यांच्या हातावर ठेवल्या आणि ते एस्टीनं परत गेले.

तात्या अस्वस्थ झाले. सरांनी आपलं दावं बरोबर ठेवून घेतलं, आता आपण काय ठेवायचं? सुताचा दोरा म्हणजे काही दावं नव्हे.

दुसऱ्या दिवशी ते गाडी धुवायला बसले. बाजाराला न्यायचा बैल धुतात तशी चोळून चोळून. घासता घासता बाजूच्या झाकणाचा स्क्रू निघाला आणि झाकण हातात आलं. आत बोटाएवढी जाड, हातभर लांब, काळी रबरी नळी होती. एक टोक रेडिएटरच्या मानेला, दुसरं बाटलीच्या टोपणाला. मधे ती नुसतीच वळण घेऊन बसलेली. तात्यांनी ओढली तर सहज आली. चार थेंब पडले ते धुण्याच्या पाण्यात गेले. दावं म्हणून एवढी शोभणारी वस्तू त्यांना मोटारसायकलीत पहिल्यांदाच सापडली होती.

"अवो, तिच्या पोटातलं आतडं काढता का काय?" दारातून रंगुबाई म्हणाली.

"जास्तीची हाय गं. कंपन्या देतात टाकून. हिकडून तिकडं गेलीय नुसती, काम काय तिचं?"

तात्यांनी झाकण बसवलं आणि नळी खुंटीला अडकवली.

गाडी घ्यायला आली धनश्री. राहात्याची पोरगी, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. गावोगाव फिरून गाईंना लस टोचायचं तिचं काम, लोक तिला डॉक्टरच म्हणत. तिच्या आजोबांनी तात्यांकडून एक जोडी नेली होती आणि त्या जोडीत खोड निघाली नव्हती. चुकून अशाही जोड्या जायच्या. मरेपर्यंत आजोबा सांगत, कानिफचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या रेघेवर विसंबून धनश्री आली होती. तात्यांनी तारीफ केली, "मास्तरची गाडी हाय. रविवारी देवाच्या दारात आन माघारी. हिनं पाप म्हनून काई बघितलेलं न्हाई." पुढच्या बाजारापर्यंत खोड निघाली तर माघारी, हेही सांगितलं. दोन किल्ल्या दोऱ्यासकट दिल्या. धनश्री गेली आणि तात्यांनी समाधानानं तंबाखू मळली.

बाजाराच्या आतच तिचा फोन आला. "तात्या, खोड निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊनच दारात आली. मागच्या पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या. तिनं पेशंटची हकीकत सांगावी तसं सगळं क्रमानं सांगितलं. थोडं अंतर गेलं की तांबडा दिवा लागतो. बाजूची बाटली बघावी तर भरलेली. राहात्याच्या मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट. त्यानं भरलं, दोन दिवसांत पुन्हा ठणठणाट. बाटली मात्र जशीच्या तशी. रात्री गाडीखाली पांढरं पोतं अंथरून ठेवलं, सकाळी ते कोरडं. तो मेकॅनिक म्हणतो, आतलं गॅस्केट गेलं, इंजिन उघडू.

"मी म्हटलं, थांब. तात्यांना न विचारता पोट फाडायचं नाही."

तात्या भारावले. मग विचारात पडले. गव्हाणीत वैरण तशीच आणि बैल मात्र उपाशी, असलं दुखणं त्यांच्या उभ्या हयातीत आलं नव्हतं. "पानी पितंय आन मुतत न्हाई," ते म्हणाले, "लक्षन बरं न्हाई."

तोवर अंगणात माणसं जमली. देवळालीत चार माणसं जमली की त्यांत पाच मेकॅनिक असतात. एक म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला, रविवारच्या गाडीला रोज पळवलं की असं होणारच. तिसऱ्यानं बाटलीत हळद टाकायला सांगितली, त्याच्या मामाच्या ट्रकला त्यानं गुण आला होता. ट्रक सध्या कुठं आहे असं धनश्रीनं विचारलं, तेव्हा तो भंगारात गेल्याचं कळलं.

"अजून एक," धनश्री म्हणाली. "गाडी तापली की गोडसर वास येतो. गूळ शिजल्यासारखा."

"कारखाना चालू हाय की," तात्या तत्काळ म्हणाले. "मळीचा वास. आमच्या तर मुतालाबी त्योच वास येतो."

सगळे हसले आणि निदान तिथंच राहिलं. साखर कारखान्याचा हंगाम असला की ह्या भागात कोणताही वास कारखान्याच्या नावावर खपतो.

तात्या चहा सांगायला आत गेले. रंगुबाई आधण ठेवत होती. ती हळूच म्हणाली, "ते आतडं काढलंत, त्याचं तर न्हाई ना काही?"

"येडी का काय तू? दावं सोडलं म्हनून कुन्या बैलाला तहान लागली का आजपोत्तर?"

बायकोचं म्हणणं, त्यातून चुलीपुढं सांगितलेलं. ते खरं असण्याचा संभवच नव्हता. तात्यांनी चहा घेतला आणि बाहेर येऊन निकाल दिला. खोड मास्तरच्या घरची आहे. मास्तरनं लपवून विकली. गाडी घेऊन सावेडीला जायचं आणि त्याच्या दारात उभी करायची.

धनश्री पुढं, तात्या मागं, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. नगर-मनमाड रस्त्यावर रस्ता कमी आणि त्याच्या आठवणी जास्त, त्यामुळं गाडी फार जोरात जायचा प्रश्न नव्हता. राहुरीच्या पुढं तांबडा दिवा लागला. थांबून गार केली, पाणी घातलं. विळदच्या घाटात पुन्हा लागला. धनश्री उतरली, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि जनावराच्या पोटाला कान लावावा तसं तिनं बाजूच्या झाकणाजवळ डोकं नेलं.

"तात्या, बघा. ह्या झाकणाच्या आतून वाफ येतीय. आवाजही होतोय."

तात्यांनी वाकून पाहिलं. पांढरी वाफ होती, गुळाचा वास होता, आणि कारखाना बराच मागं राहिला होता. वाफ नेमकी तिथूनच येत होती, जिथून त्यांनी धुताना ती नळी ओढली होती.

"ऊन लई हाय," ते म्हणाले.

उरलेल्या वाटेत ते मांडीवरच्या बाटल्या मोजत बसले. त्यांच्याकडं आजवर जनावरं माघारी आली होती, शिव्याही आल्या होत्या. पण खोड नेहमी जनावराची असे, तात्यांचा शब्द शाबूतच राही. आता ह्या पोरीच्या मेलेल्या आजोबांनी ज्या शब्दाची रेघ सांगितली, तीच पुसायची वेळ आली होती. बाकी काही जावो, एवढं जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं. शिवाय अजून नक्की काय आहे? वाफ कुठूनही येते. मास्तरनंच काही केलं असेल. जितकी शंका वाढत गेली तितका त्यांचा मास्तरवरचा राग वाढत गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या काही ठरवून मारत नाहीत, भीतीनं आपोआप सुटतात.

सावेडीत सरांच्या बंगल्याच्या फाटकाशी उतरताच त्या सुटल्या.

"मास्तर! अवो मास्तर! देवाचं नाव घेता आन अशी गाडी इकता? खोड लपवून? ह्या लेकीबाळीला घाटात हुबी केली तुमच्या गाडीनं! मास्तर म्हनून इश्वास ठेवला तर गळा कापला!"

शेजारच्या गच्च्यांवर माणसं आली. एक बाई ओले कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. यशया सर चष्मा सावरत बाहेर आले. त्यांचा चेहरा लालही झाला नाही, तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"कानिफराव, आत तरी या. मी काही लपवलेलं नाही. निदान मला तरी माहीत नाही. चला, आपण दाखवून घेऊ."

गल्लीच्या टोकाला मच्छिंद्र फिटरचं गॅरेज होतं. इमॅन्युएलच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हातची. त्यानं हकीकत ऐकली, झाकण काढलं आणि थबकला.

"सर, इथली नळी कुठंय?"

"कसली नळी?"

मच्छिंद्रनं बोटानं दाखवलं. रेडिएटरच्या मानेला एक उघडं तोंड, बाटलीच्या टोपणाला दुसरं. "पाणी तापलं की फुगतं. जास्तीचं ह्या नळीतून बाटलीत जातं. इंजिन गार झालं की तेच परत आत ओढून घेतं. नळीच नाही म्हटल्यावर तापलं की पाणी बाहेर आणि गार झालं की आत नुसता वारा. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. पडतं ते गरम इंजिनवर, जागच्या जागी वाळतं. पोत्यावर कुठून दिसणार?" त्यानं उघड्या तोंडावरून अंगठा फिरवला. "तुटलेली नाही ही. हातानं काढलीय कुणीतरी."

"अख्खी मोटारसायकल सोडून कुणी नळी काढेल?" धनश्री म्हणाली.

"जाऊ द्या. माझ्याकडं ह्या मापाचं भेंडोळं आहे, हातभर कापतो नि बसवतो. चहा यायच्या आत होतंय."

झालं होतं. गाडी बरी होणार होती. कुणी तात्यांकडं बघतसुद्धा नव्हतं. आजच्याइतकं त्यांचं पथ्य कधीच सोपं नव्हतं. विचारलं नाही ते सांगायचं नाही, आणि विचारणार कोण? बैलाचा व्यापारी मोटारसायकलीची नळी कशाला काढेल? फक्त चहा येईपर्यंत गप्प बसायचं होतं. आयुष्यात तात्या यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गप्प बसले होते.

तेवढ्यात सरांनी मोबाईल काढून मुलाला फोन लावला.

"इमॅन्युएल, बेटा, गाडीची एक नळी काढली होतीस का तू? ... आठवून सांग. मी रागावत नाही. ... नाही, नाही, तू खोटं बोलतोस असं नाही म्हणत मी. पण ह्या गृहस्थानं माझ्या शब्दावर गाडी घेतली रे. त्याची जबान गेली माझ्यामुळं. मी त्याला तोंड कसं दाखवू, सांग."

तात्यांनी टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. ज्या माणसाला दारात एवढ्या शिव्या घातल्या, त्यालाच तात्यांपुढं उभं राहायची लाज वाटत होती. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोन ठेवा मास्तर," ते म्हणाले. "पोराला नका इचारू. नळी माझ्याकडं हाय."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"कुठं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"खुंटीला."

मग सांगावंच लागलं. दावं म्हणजे काय, ते देत का नाहीत, मास्तरांनी छल्ला कसा काढून घेतला, नळी कशी शोभून दिसली. सांगता सांगता तात्यांनाच ते ऐकवेना. तीस वर्षं बाजारात शहाणपणाचं वाटलेलं गॅरेजमध्ये उभं राहून सांगितलं की किती येडपट वाटतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. मच्छिंद्र इतका हसला की त्याच्या हातातून पकड पडली. धनश्री हसली नाही. ती विचार करत होती.

"म्हणजे आमच्या आजोबांच्या जोडीची दावी पण..."

"हायेत. दुसरी खुंटी, दाराकडून."

तिनं मान हलवली. त्या मानेचा अर्थ काय ते तात्यांना कळेना, आणि मानेचा अर्थ न कळण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सरांनी फोन खिशात ठेवला. "कानिफराव, एक विचारू? तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कधी कळलं असतं?"

"न्हाई."

"मग सांगितलं का?"

तात्यांनी टोपी नीट डोक्यावर बसवली. "तुमी समद्यास्नी इचारत हुता. पोराला इचारलं, सोताला इचारलं. मला कुनी इचारीनाच," ते म्हणाले. "मग कवर वाट बघायची?"

चहा आला. तात्यांनी तो घेतला नाही. ते तडक सरांच्या फाटकाशी गेले आणि मघाशी ज्या आवाजात बोंब मारली होती त्याच आवाजात ओरडले, "मास्तरच्या गाडीत खोड न्हवती! ऐका वो! खोड न्हवती! माझी चूक हुती!" मघाशी गच्च्यांवर जमलेल्यांपैकी आता जेमतेम एक बाई उरली होती, तीही कपडे वाळत घालत होती. वाईट ऐकायला माणसं हातचं काम टाकून येतात. बरं ऐकायला कुणाला सवड असते? तात्या तरीही पुन्हा एकदा ओरडले. सर मागून येऊन त्यांना हाताला धरून घरात घेऊन गेले.

संध्याकाळी तात्या एस्टीनं घरी आले. धनश्रीनं मागं बसा म्हटलं होतं, पण त्यांना धीर झाला नाही. रंगुबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि काही विचारलं नाही. विचारलं नाही, तरी तात्यांनी सगळं सांगितलं. ह्या नव्या सवयीनं ते स्वतःच दमले.

"म्हंजी आतडंच हुतं," रंगुबाई म्हणाली.

"व्हय."

"मी म्हनलं हुतं."

"व्हय गं."

दोघं गोठ्यात गेली. शेजाऱ्याची शेळी सावली संपली तरी उठली नव्हती. तात्यांनी खुंटीवरून नळी काढली आणि हातात फिरवत राहिले. नवी बसवल्यावर हिचं आता कुणाला काम नव्हतं. "टाकून देऊ का?" त्यांनी विचारलं. आपल्या गोठ्यातलं काहीतरी टाकायची भाषा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होती.

रंगुबाईनं ती नळी त्यांच्या हातातून घेतली आणि परत खुंटीला अडकवली.

"बैलांची दावी ठेवली, बरकत ऱ्हावी म्हनून. ती काय ऱ्हायली न्हाई," ती म्हणाली. "ही असू द्या. अक्कल तरी ऱ्हाईल."

पुढच्या आठवड्यात तात्यांनी एक साधी, वाऱ्यावर गार होणारी गाडी विकली. किल्ली दिली, छल्ल्यासकट. गिऱ्हाइकानं काहीही विचारलेलं नसताना गाडीचा मागचा ब्रेक उशिरा लागतो हे सांगितलं. जन्मभर उपरण्याखाली झाकून, गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवलेले दोन्ही हात मग त्यांनी उताणे करून त्याच्यापुढं धरले, बघ बाबा, ह्यात तुझं काही राहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला वाटलं, तात्या तंबाखू मागतायत. त्यानं खिशातून पुडी काढून चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली. तात्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि चुना मागितला.